घोडे वाढवावेत की ओझे उतरवावे?

मोटारगाडीची कोणतीही जाहिरात घ्या. इंजिनाची अश्वशक्ती तीत ठळक टायपात छापलेली असते. गाडीचे वजन मात्र शोधावे लागते. माहितीपत्रकाच्या अखेरच्या पानावर, टायरांच्या मापांखाली, बारीक अक्षरांत ते कोठेतरी दडलेले असते. सगळ्यांचे लक्ष घोड्यांकडे, ओझ्याकडे कोणी पाहत नाही. टांग्यांच्या काळात तसे नव्हते. चढ लागला की टांगेवाला उतारूंना ‘जरा खाली उतरा’ म्हणे. दुसरा घोडा आणायला तो धावत नसे. न्यूटनचे नियम त्याने वाचलेले नव्हते, पण ओढणारा तोच असेल तर ओढायचे कमी करावे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

या लेखात मी त्या टांगेवाल्याची बाजू मांडणार आहे. पण त्याचे शहाणपण अर्धवट ऐकणाऱ्यांचाही समाचार घ्यावा लागेल. अमेरिका, जपान, इंग्लंड या देशांत जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घ्यायची, ती रोज कामावर नेण्याआणण्यासाठी वापरायची आणि फावल्या वेळात थोड्या पैशांत तिचे वजन उतरवायचे, हा अनेकांचा छंद आहे. छंद चांगला आहे, त्यात पदार्थविज्ञान ठासून भरलेले आहे. मात्र त्या भरात माणसे कधी ज्या वस्तूला हात लावू नये तीच काढतात, आणि कधी एका बाजूने दहा किलो उतरवून दुसऱ्या बाजूने दहा किलो चढवतात.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू या: जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. (माझदा हे नाव आपल्याकडे मालवाहू गाड्या आणि लहान बसगाड्यांवरून पुष्कळांना माहीत आहे, ही मोटार मात्र कंपनीने भारतात विकली नाही.) फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखविण्यात आली. दोन माणसांपुरती, वरचे कापडी छत दुमडता येणारी, १.६ लिटरच्या इंजिनाची ही छोटी गाडी पुढे इतकी लोकप्रिय झाली की २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले. तिचे इंजिन काही फार दांडगे नव्हते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांची शक्ती ११६ अश्वशक्ती होती. पण वजन होते सुमारे ९५० किलोग्रॅम. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे, चाके हलक्या मिश्रधातूची, विजेरी लहान. घोडा आणि स्वार एकच व्हावेत अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिच्या निर्मात्यांनी ध्येय म्हणून समोर ठेवला होता. २००५ मध्ये या गाडीची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तर ते ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशेब करू लागले. आतला मागचे दाखवणारा आरसा सोपा करून त्यांनी ८४ ग्रॅम वाचविले. वाचून हसू येते खरे. पण गाडीत हजारो भाग असतात, आणि प्रत्येक भागावर कोणी असा दात धरून बसला की काय होते, ते २०१५ च्या आवृत्तीत दिसले. ती आधीच्या आवृत्तीपेक्षा शंभर किलोंहून अधिक हलकी निघाली.

आता हिशेब करू. गाडी ९५० किलोची आणि चालक ७० किलोचा, मिळून १०२० किलो. (चालकाला हिशेबातून वगळण्याची चूक पुष्कळजण करतात, गाडी त्याच्याशिवाय चालत नाही!) यांतून ५० किलो उतरविले तर राहिले ९७०. इंजिनाची शक्ती तीच असेल, तर ठरावीक वेगाला मिळणारे त्वरण वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ते १०२० भागिले ९७०, अर्थात सुमारे पाच टक्क्यांनी वाढले. हीच वाढ इंजिनातून मिळवायची असती तर? ११६ चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ सहा अश्वशक्ती. ५० किलोंच्या बदल्यात सहा घोडे! पण विकत घेतलेले सहा घोडे फक्त वेग घेतानाच उपयोगी पडतात. उतरविलेले पन्नास किलो चढावर, उतारावर, वळणावर, खड्ड्यात, सगळीकडे साथ देतात. शिवाय ते पेट्रोल पीत नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना. गाडीचा कमाल वेग यामुळे फारसा वाढत नाही. मोठ्या वेगाला इंजिनाची बरीचशी शक्ती हवेचा विरोध मोडण्यात जाते, आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही देणेघेणे नसते; ती आकार पाहते. त्यामुळे लांब सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्याला पेट्रोलची बचतही थोडीच दिसेल. पावलोपावली थांबून पुन्हा निघणाऱ्या शहरी गाडीला ती अधिक दिसेल.

ब्रेकच्या बाबतीत तर एक गंमतच आहे, आणि शिक्षकांनी ती फळ्यावर जरूर मांडावी. हलकी गाडी लवकर थांबते असे जो तो सांगतो. पाठ्यपुस्तकातले सूत्र वापरून पाहा. गाडीची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते. पण टायर आणि रस्ता यांमधील घर्षणबलही वस्तुमानाच्याच प्रमाणात असते. भागाकार करताच वस्तुमान वरून-खालून उडून जाते. थांबण्याचे अंतर वजनावर अवलंबून नाही, असे उत्तर येते! मग अनुभवी चालक काय थापा मारतात? नाही. सूत्रातला घर्षणगुणांक आपण स्थिर धरला, आणि रबर तेवढे आज्ञाधारक नसते. टायरवरील भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही. ती थोडी कमीच भरते. म्हणून हलक्या गाडीचे टायर आपापल्या भाराच्या मानाने किंचित अधिक घट्ट धरतात. फायदा आहे, पण तो लहान आहे.

मोठा फायदा आहे उष्णतेचा. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जाणाऱ्या १०२० किलोंच्या गाडीची गतिज ऊर्जा ३,१८,७५० जूल होते. गाडी थांबविताना ही जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांत उष्णतेच्या रूपाने जिरते. ५० किलो कमी असतील तर दर वेळी साडेपंधरा हजार जूल कमी. घाट उतरताना हा हिशेब अधिक गंभीर होतो. ५०० मीटर उंचीवरून खाली येताना हीच गाडी सुमारे ५० लाख जूल स्थितिज ऊर्जा गमावते. इंजिनाचा रोध आणि हवा तिचा काही भाग घेतात. उरलेली ब्रेकच्या वाट्याला येते. तापून लाल झालेल्या ब्रेकची पकड सुटते, तेव्हा पाच टक्के उष्णता कमी असणे ही लहान गोष्ट राहत नाही.

एवढे पटले, तर कामाला कोठून लागायचे? माझे म्हणणे असे की पान्याला हात लावण्यापूर्वी तराजू शोधावा. जे मोजले नाही ते उतरविले असे म्हणता येत नाही. मग गाडीचा भाग नसलेले जे जे गाडीत साठले आहे ते बाहेर काढावे. मागच्या डिकीतील हत्यारांची पेटी, तेलाचा डबा, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली दोरी, जुनी छत्री, सीटखालच्या पाण्याच्या बाटल्या. आठ-दहा किलो तर सहज निघतात, खर्च शून्य. त्यानंतर पेट्रोल. या गाडीच्या टाकीत ४५ लिटर मावते. पेट्रोलचा एक लिटर साधारण पाऊण किलो भरतो. टाकी काठोकाठ भरण्याऐवजी निम्मी भरण्याची सवय लावली, तर पूर्ण टाकीच्या मानाने सोळा-सतरा किलो ओझे कमी. एक पैसा खर्च न करता मिळणारे हे वजन कोणी मोजतच नाही, कारण त्यात दाखविण्यासारखे काही नाही. मित्राला गॅरेजमध्ये नेऊन ‘ही पाहा माझी अर्धी टाकी’ असे कोण सांगणार?

याच्या पुढचा टप्पा म्हणजे झिजलेली वस्तू बदलण्याची वेळ येईल तेव्हा हलकी घ्यावी. टायर, विजेरी, चाके, धुराड्याचा नळ या वस्तू कधी ना कधी बदलाव्याच लागतात. नवी आणि जुनी यांच्या किमतींमधील फरकच तेवढा वजन उतरविण्याचा खर्च. त्या फरकाला वाचलेल्या किलोंनी भागावे. जो भागाकार लहान, तो भाग आधी. चांगला भाग फेकून देऊन हलका बसविणारा मनुष्य पूर्ण किंमत भागायला घेतो आणि मग हा छंद श्रीमंतांचा आहे अशी कुरकूर करतो.

चाकांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तेथे खरे विज्ञानही आहे आणि खरी भोंदूगिरीही. चाकाला दोन गती असतात. ते गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. म्हणून त्याला वेग देताना दोन कामांसाठी ऊर्जा मोजावी लागते. सर्व वस्तुमान कडेला असलेले बारीक कडे घेतले, तर फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेइतकीच भरते. म्हणजे कडेचा एक किलो गाडीला दोन किलोंसारखा वाटतो. सपाट भरीव चकती असेल तर दीड किलोसारखा. खरे चाक टायरासह या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. त्यामुळे ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असे जे सांगितले जाते, ते साफ खोटे आहे. वेग घेण्याच्या बाबतीत दुपटीच्या वर कोणतेही चाक जाऊ शकत नाही. गणितच तशी परवानगी देत नाही.

तरीही चाक हलके असावे, आणि त्याचे दुसरे कारण खराब रस्त्यावर समजते. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाक, टायर, ब्रेक हे मात्र स्प्रिंगांच्या खाली, थेट रस्त्याशी भिडलेले असतात. उंचवट्यावर आपटलेले जड चाक वर उसळले की त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवायला स्प्रिंगला वेळ लागतो, आणि जितका वेळ चाक अधांतरी तितका वेळ त्याची पकड शून्य. हलके चाक रस्त्याचा चढउतार अधिक इमानाने अनुसरते.

आता गंमत पाहा. पहिल्या एमएक्स-५ ची कंपनीने दिलेली १४ इंची चाके एकेक सुमारे साडेपाच किलोंची होती, म्हणजे मुळातच फार हलकी. हौशी मालक ती काढून मोठी, देखणी चाके बसवितात. नवे चाक आठ किलोंचे निघाले तर चार चाकांचे दहा किलो वाढले, आणि फिरण्याचा भाग धरता त्यांचा परिणाम पंधरा-सोळा किलोंसारखा झाला. अर्ध्या टाकीने कमावलेले चाकांनी घालविले! आणि हे सारे पैसे देऊन.

विजेरीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. या गाडीत विजेरी इंजिनाजवळ नसून मागे डिकीत आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार सारखा पडावा म्हणून. बंद डिकीत आम्लाच्या वाफा आणि हायड्रोजन साठू नये यासाठी तेथे खास बंदिस्त बांधणीची विजेरी असते, आणि तिच्यातून निघणारा वायू नळीने बाहेर सोडलेला असतो. पैसे वाचवायला कोणी तेथे साधी शिसे-आम्ल विजेरी नळीशिवाय ठेवली, तर काही वर्षांत डिकीचा पत्रा खाल्ला जातो. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या विजेऱ्या शिशाच्या विजेरीपेक्षा कितीतरी हलक्या. सात-आठ किलो सहज वाचतात. पण किंमत बरीच असते आणि कडाक्याच्या थंडीत त्या कुरकुरतात. त्यातून सगळे वजन मागूनच काढले तर पुढचा भाग तुलनेने जड होतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. वजन ही केवळ संख्या नसून तिला पत्ताही असतो.

जादा चाक काढून टाकण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे. दहा-बारा किलो एका मिनिटात मोकळे होतात आणि पंक्चर बुजविण्याची पिशवी ठेवली की झाले, असे म्हणतात. शहरात रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला हे चालेल. पण ती पिशवी टायरच्या तळाचे भोक बुजविते. बाजूची भिंत फाटली तर काही करू शकत नाही. रात्री-बेरात्री निर्जन रस्त्याने ज्याला जावे लागते, त्याने ते चाक जागेवर राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भोके पाडणाऱ्यांकडे वळू. शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या चित्रांत पट्ट्यांना, खांबांना ओळीने गोल भोके पाडलेली दिसतात आणि ती पाहून हातात ड्रिल घ्यावेसे वाटते. घेण्यापूर्वी एक गणित करा. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात २० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडले तर किती पोलाद निघते? ३१४ घन मिलिमीटर, म्हणजे अडीच ग्रॅमसुद्धा पुरते नाही. शंभर भोके पाडा, पाव किलो! एक पेला पाणी कमी प्यायल्यासारखे. आणि बदल्यात काय गमावले? ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेवर ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ मध्येच गणिताने दाखविले आहे. रोजच्या धक्क्यांनी नेमकी त्या कडेवर चीर जन्मते. शिवाय प्रत्येक भोकाची कड रंगाविना उघडी, म्हणजे गंजाला आमंत्रण. शर्यतीच्या गाडीची भोके हिशेबाने पाडलेली असत आणि ती गाडी वारंवार उघडून तपासली जाई. रोजची गाडी कोण तपासतो?

गालिच्याखाली पत्र्याला चिकटविलेले डांबरी थर काढण्याची युक्ती मात्र मोठी मनोरंजक आहे. हे थर घासून निघत नाहीत. म्हणून त्यांच्यावर घन कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कोरडा बर्फ पसरतात. त्याचे तापमान शून्याखाली ७८ अंश सेल्सिअस. उन्हात चिवट असणारे डांबर त्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते आणि हातोडीच्या टिचक्यांनी तुकडे होऊन निघते. पाहायला झकास! पण ही गोष्ट मुलांनी स्वतः करून पाहण्याची नव्हे. त्या बर्फाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि त्याचा वायू बंद गाडीत तळाशी साठून माणसाला गुदमरवू शकतो. आणि एवढे करून मिळते काय? चारदोन किलो. ते डांबर तेथे उगाच नव्हते. पत्र्याची थरथर जिरवून घेणे हे त्याचे काम. ते गेले की गाडीचा पत्रा ढोलासारखा घुमू लागतो. रविवारी तासभर ते सहन होईल, रोज दोन तास होणार नाही. थकलेला, कान किटलेला चालक हा गाडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग बिघडल्याचे लक्षण आहे.

वातानुकूलन यंत्राचेही तसेच. ते काढले की पंधरा किलोंच्या आसपास, तेही नाकाकडचे वजन कमी होते म्हणून मंडळी खूश होतात. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून धुके धरते तेव्हा त्याचे खरे काम कळते. थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे आधी पाणी होऊन ते गळते आणि कोरडी हवा काचेवर येते. पुढचे न दिसणारी हलकी गाडी घेऊन काय करायचे?

या बाबतीत पोर्शे कंपनीचा अनुभव बोलका आहे. १९७२ मध्ये तिने ९११ कॅरेरा आरएस २.७ ही गाडी आणली. तिचा हलका प्रकार ९६० किलोंचा होता. पातळ पत्रा, पातळ काचा, दाराला मुठीऐवजी कापडी पट्टा, घड्याळसुद्धा नाही. त्याच गाडीचा दुसरा प्रकार सोयीसुविधांसह १०७५ किलोंचा. एकूण १,५८० गाड्या बनल्या. त्यांत हलक्या सुमारे दोनशे, आणि सोयींच्या तेराशेच्या वर. खास शर्यतीसाठी जन्मलेल्या गाडीच्या गिऱ्हाइकांनीही, ती रोज चालवायची म्हटल्यावर, ११५ किलो राजीखुशीने परत घेतले! मला तर यात त्यांचा आळस दिसत नाही, शहाणपण दिसते.

येथवरचा वाद सोयीचा होता. यापुढे जिवाचा प्रश्न येतो.

हलक्या गाडीला अपघातात अधिक मार बसतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. १००० किलोंची आणि २००० किलोंची अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असे धरा. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी १६.७ किलोमीटर वेगाने सरकतील. म्हणजे जड गाडीचा वेग ३३.३ ने बदलला, हलकीचा ६६.७ ने, बरोबर दुप्पट. आता हलक्या गाडीतून आपण ५० किलो काढले, ती ९५० ची झाली. तिच्या वेगातील बदल किती होईल? सुमारे ६७.८. फरक एकाच किलोमीटरचा. थोडक्यात, डिकीतली अडगळ आणि अर्धी टाकी काढल्याने धोका नावापुरताच वाढतो.

पण तेच वजन दाराच्या आतली आडवी पोलादी तुळई काढून मिळविले असेल तर? बंपरमागचा धक्का शोषणारा भाग, डोके टेकण्याची उशी किंवा हवेची पिशवी असलेले सुकाणूचक्र काढून मिळविले असेल तर? तराजूवर ते चार किलो डिकीतल्या चार किलोंसारखेच दिसतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ७० किलोंच्या माणसाच्या अंगी सुमारे ६,७५० जूल गतिज ऊर्जा असते. पट्टा, पिशवी आणि दबणारा पत्रा यांनी त्याला ३० सेंटिमीटर अंतरात थांबविले तर सरासरी बल येते साडेबावीस हजार न्यूटन. म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक भार, पण रुंद पट्ट्यावर आणि फुगलेल्या पिशवीवर पसरलेला. माणूस वाचू शकतो. तेच अंतर ३ सेंटिमीटर झाले की बल दहापट. हे सेंटिमीटर ज्या वस्तू मिळवून देतात त्यांना ‘निरुपयोगी वजन’ म्हणणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्यावा, असे मला वाटते.

शर्यतीची नक्कल करून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविणारेही असतात. पिंजरा आला म्हणजे सुरक्षितता आली, अशी त्यांची समजूत. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि अंगावर चारपाच पट्ट्यांची घट्ट बांधणी. बाजारात भाजी आणायला जाणारा शिरस्त्राण घालत नाही; त्याच्या उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी असणे हे घणासमोर बसण्यासारखे आहे. आणि आपल्याकडील वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला मनास येईल तसा करता येत नाही. धुराड्यातील प्रदूषण रोखणारे यंत्र काढून चार किलो वाचविणे तर कोणत्याच देशात शहाणपणाचे ठरणार नाही; ते वजन आपण उतरवून शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर ठेवतो.

मग खरे वजन उतरवायचे कोणी? माझे उत्तर: गाडी आखणाऱ्याने. मालकाला मिळते ती साधी वजाबाकी. आखणाऱ्याला मिळते चक्रवाढ. सांगाडा हलका झाला की ब्रेक लहान चालतात, स्प्रिंगा बारीक चालतात, इंजिन छोटे चालते, इंजिन छोटे म्हणून टाकी छोटी, आणि हे सारे लहान झाले म्हणून सांगाडा आणखी हलका. इंग्लंडमधील लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर हाच ध्यास घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस गाडीचा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेला सांगाडा अवघा ६८ किलोंचा होता, आणि सबंध गाडी सुमारे ७२५ किलोंची. हे चक्र उलटेही फिरते. दर नव्या आवृत्तीत एक खिडकीची मोटार, एक पडदा, एक मोठे चाक असे वाढत गेले की ब्रेक, स्प्रिंगा, इंजिन सगळेच फुगतात. आणि रस्त्यावर माझ्या समोरची गाडी दोन टनांची झाली की मलाही माझ्या मुलाबाळांसाठी दोन टनांची घ्यावीशी वाटते. वर केलेले टकरीचे गणित आता पुन्हा पाहा. दोघेही २००० किलोंचे असोत की दोघेही १००० किलोंचे, प्रत्येकाच्या वेगातील बदल ५० च येतो. सगळ्यांनी मिळून वजन वाढविले तर त्या गणितात कोणाचाही लाभ नाही. पायी चालणाऱ्याचे आणि सायकलस्वाराचे मात्र नुकसान आहे, कारण त्याला आपले वजन वाढविता येत नाही.

चाकाच्या कडेचे वजन आणि मध्यावरचे वजन यांतील फरक वर्गात दाखवायला मोटार लागत नाही. पत्र्याचे दोन सारखे गोल डबे आणि सोळा सारखी नाणी घ्या. एका डब्याच्या तळाला व झाकणाला आतून, मध्याभोवती चार-चार नाणी चिकटवा. दुसऱ्यात तेवढीच नाणी कडेला, समान अंतरावर चिकटवा. तराजूत दोन्ही डबे बरोबर उतरतील. आता दीड मीटर लांबीची फळी एका बाजूने पुस्तकांवर टेकवून दोन्ही डबे एकाच क्षणी सोडा. मध्यावर नाणी असलेला डबा पुढे निघून जातो. नंतर मागे पडलेल्या डब्यातील कडेची नाणी समोरासमोरच्या जोडीने काढीत जा आणि किती नाणी काढल्यावर बरोबरी होते ते पाहा. सगळी नाणी काढून डबा रिकामा झाला तरी तो मागेच राहील. तो आता दुसऱ्यापेक्षा हलका आहे, मग तरी का? उतारावर ओढणारे बलही वजनाबरोबरच कमी झाले, येथून विचाराला सुरुवात करा.